डाव्या कुशीवर

सावली
कार्तिक वद्य पंचमी, शके १८७८

वच्छले,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिण्याची आपल्या घरची रीत आहे. तो घ्यावा की न घ्यावा हे तुझ्याकडे ठेवून पुढचे लिहितो.

आपला जिल्हा या महिन्यापासून मुंबई राज्यात गेला, हे धानोऱ्याच्या जंगलातही पोहोचले असेल. येथे शाळेत पेढे वाटले. धान बरे आहे. गुणवंताची बदली झाली नाही. तुझा भाऊ अजून येथल्याच शाळेत शिकवतो.

लिहिण्याचे कारण तुझी भावजय. कमळेला सातवा महिना लागला आहे. प्रकृती ठीक म्हणावी अशी आहे, थोडी पांढुरकी दिसते. सोमवार आणि एकादशीला ती काही घेत नाही आणि एरवी एकभुक्त राहते. हे व्रत तिने स्वेच्छेने धरले आहे. गेल्या पौषात पहिल्या बाळंतपणी जे घडले त्याने तिच्या मनाची घडी विस्कटली, आणि व्रताने माणसास धीर येतो.

सांगायचे ते असे की, तिची वेळ माघात येईल, तेव्हा तू येथे असावेस. दवाखान्याच्या कमिटीने बाळंतपणात द्यायची तुझी कण्यातली सुई बंद केली आणि तू राजीनामा देऊन निघून गेलीस, यात माझा हात होता असे तू मानतेस. कमिटीत माझ्यासह पाच माणसे होती. अध्यक्ष नानाजी पाटील परवा स्वतःच म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमची पोरगी हुशार हाये. सुई सोडून बाकी सारं करू द्या तिले. आमी काई शत्रू नाई तिचे." तेव्हा तो एक विषय न काढता तू आलीस तर दवाखाना तुझाच आहे. तुझी सुई आणि बारीक नळी कपाटात जशीच्या तशी आहे. किल्ली माझ्याकडे असते.

घडणारे घडून गेले. ईश्वराच्या घरचा निवाडा आपण उलगडू पाहू नये.

तुझे
अण्णा

सावली
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

वच्छले,

तुझे कार्ड पोहोचले. अकरा महिन्यांनी आलेल्या कार्डावर नमस्कार नाही, खाली नाव नाही. एकच प्रश्न आहे: "उकळलेली हत्यारे घेऊन मी परत आले तेव्हा कमळा उताणी होती. तिला उताणी कोणी केले?"

हाच प्रश्न तू कमिटीपुढे विचारला होतास. तेव्हा मी म्हणालो होतो की वेदनेच्या भरात तीच वळली असावी. त्यावर तू म्हणाली होतीस, "तिला वेदना नव्हती, अण्णा." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

मी तुझी विद्या तुच्छ लेखली असे समजू नकोस. तू मुंबईहून आलीस त्या आठवड्यात ओसरीवर बसून मला सारे समजावले होतेस, ते मी विसरलो नाही. कण्याच्या दोन मणक्यांमधून सुई हळूहळू पुढे न्यायची. मिठाच्या पाण्याने भरलेल्या पिचकारीचा दट्ट्या अंगठ्याला अडत असतो, तो ज्या क्षणी अडायचा थांबेल तेथे थांबायचे. मग बारीक नळी आत ठेवून सुई काढून घ्यायची, म्हणजे पुनःपुन्हा टोचावे लागत नाही. पहिली मात्रा नावापुरती. पाच मिनिटे थांबून विचारायचे, "बाई, पाय हलवता येतात का?" हलले तर पुढची मात्रा, तीही थोडी. दर पाच मिनिटांनी रक्तदाब. तू म्हणालीस, "अण्णा, औषध जुनंच आहे. थोडं थोडं देणं आणि मध्ये थांबणं, हीच सारी सुधारणा." मी तेव्हा म्हणालो होतो की हे जपासारखे आहे, आणि तू हसली होतीस.

आता प्रश्नाचे उत्तर. कमळेला गुणाबाईने उताणी केले. तिच्या पाठीशी तू लावलेली वाकळेची घडी त्या म्हातारीने काढली. ती जुन्या चालीची सुईण. तिला या नव्या गोष्टी काय कळणार. तिच्या वयाकडे पाहून मी कमिटीपुढे तिचे नाव घेतले नाही.

आणखी एक. तूही तेथे नव्हतीस. मदतनीस नव्हता, हत्यारे स्वतः उकळावी लागली, हे मान्य. पण दहा मिनिटे तूही हललीस. दोष वाटून घ्यायचाच तर सर्वांनी घ्यावा.

कमळेचा आठवा सुरू होईल. ती रात्रंदिवस देवाचे करते. तू येतेस की नाही ते कळव.

अण्णा

सावली
पौष शुद्ध सप्तमी

वच्छले,

काल दुपारी गुणाबाई ओसरीवर आली. पदराच्या गाठीतून कार्ड काढले.

"शास्तरीबुवा, धानोऱ्याहून टपाल आलं मले. साठ वर्सात पयलं टपाल. वाचा बरं."

गावातल्या न शिकलेल्यांची पत्रे मी वाचून देतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. ते ध्यानात ठेवून तू तिला लिहिलेस की सहज, हे मी विचारणार नाही. तुझे अक्षर मी दुरूनच ओळखले. पहिली ओळ वाचली, "गुणाबाईस वच्छलेचा नमस्कार," आणि थांबलो.

"एवढंच? एवढ्यासाठी कारड कोन धाडते? शाई तं खालपर्यंत दिसून राह्यली."

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होते: 'मी खुशाल आहे, तुझी आठवण येते.' ते म्हणून कार्ड परत दिले असते तर तिला कधी कळले नसते. मी ते म्हटले नाही, यात माझा सद्गुण नाही. म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिच्यासमोर दुसरे खोटे बोलण्याचे बळ मला एकवटता आले नाही. मी पुढे वाचले: "अण्णा लिहितात की कमळेच्या पाठीची घडी तू काढलीस आणि तिला उताणी केलेस. हे खरे असेल तर कळव. मी रागावणार नाही, मला फक्त जाणून घ्यायचे आहे."

गुणाबाईने आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. मग म्हणाली, "काढली. हात माहेच होते. पन 'काढ' कोनं म्हटलं?"

"मी."

"अन् 'बाई हलवू नोका म्हनून गेल्या' असं मी तुमाले बोलली का नाई?"

"बोललीस."

"मंग ते बी लिवा. माहं नाव लिवता येते तुमाले, तं पुढचं काऊन नाई येत?"

ती उठली, हात पुढे केला. "कारड द्या इकडं. माहं हाये ते. तुमचा भरोसा नाई, फाडून टाकसान."

तेव्हा पुढचे लिहितो. यातला प्रत्येक शब्द गुणाबाईला वाचून दाखवीन, मगच पेटीत टाकीन.

त्या दिवशी सकाळी तू नळी बसवलीस. त्याआधी एक अख्खा दिवस कमळा कळा देत होती. तिचा आवाज दवाखान्याच्या अंगणापर्यंत येत असे. अंगणात मी बसलो होतो, आणि व्याहाड गावच्या काही बायका त्यांच्या सुनेसाठी आल्या होत्या. माझी काशाची थाळी माझ्या मांडीवर होती. तीस वर्षे अडलेल्या बायकांसाठी माणसे ती थाळी न्यायला येत आली. तिच्यावर मी अष्टगंधाने चक्रव्यूह काढतो, बाईने तो नजरेने आतून बाहेर ओलांडायचा, वरून मी मंत्राची अकरा आवर्तने म्हणायची, मग तो पाण्याने धुऊन ते पाणी तिने प्यायचे. तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या आईनेही ते पाणी घेतले होते.

आतला आवाज थांबला. थोड्या वेळाने आतून हसणे ऐकू आले. कमळा हसत होती, तूही. व्याहाडची एक बाई म्हणाली, "आता शास्तरीबुवाच्या थाळीचं काय काम?" बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

एवढेच घडले, वच्छले. यापेक्षा मोठे कारण मी वर्षभर शोधत आहे आणि मला मिळालेले नाही. प्रसववेदना हे स्त्रीचे तप आहे असे मी सभामंडपात किती वर्षे सांगत आलो. ते तप माझ्याच सुनेने माझ्याच लेकीच्या हातून टाकून दिले आणि वर ती हसत होती, हे मला सोसले नाही.

तू बाहेर आलीस. दारात थांबून मला म्हणालीस, "अण्णा, ती डाव्या कुशीवर आहे, तशीच राहू द्या. औषधानं तिच्या खालच्या अंगाच्या शिरा सैल पडल्या आहेत. उताणी झाली तर गर्भाचं ओझं पोटातल्या मोठ्या शिरेवर बसेल आणि रक्त वर परतणार नाही. पाठीची घडी काढू देऊ नका. दहा मिनिटांत येते."

मी "बरे" म्हणालो. मला ऐकू आले होते, समजलेही होते. कमिटीपुढे जे मी कधीच सांगितले नाही ते हेच.

तू वळताच मी आत गेलो. कुशीवर निजलेल्या बाईला वर धरलेली थाळी दिसत नाही. मी गुणाबाईला म्हणालो, घडी काढ, उताणी कर. तिने अडवले, ते शब्द तिनेच काल मला आठवून दिले. मी म्हणालो, दहा मिनिटांनी काय होते? कमळा हसून म्हणाली, "पाय जड झाले मामाजी, पन दुखत नाई." मी थाळी धरली आणि म्हणू लागलो.

सातव्या आवर्तनाला ती जांभया देऊ लागली. आठव्याला तिचे ओठ पांढरे झाले. म्हणाली, "मामाजी, अंधार येऊन राह्यला. थाळी दिसत नाई." गुणाबाईने तिचा हात हाती घेऊन मला सांगितले, "पोरगी थंडी पडली, बुवा. पुरं करा."

तीन आवर्तने उरली होती. मी ती पूर्ण केली.

नंतर थाळीचे पाणी तिच्या तोंडाला लावले. ते ओठांच्या कडेने बाहेर आले. तू त्याच वेळी दारात उभी होतीस. तिला कुशीवर फिरवलेस, खाटेचा पायथा विटांवर चढवलास, बाटलीतले पाणी शिरेत सोडलेस, एक सुई दंडात दिलीस. तिच्या गालावर रंग परतला. मग तू तिच्या पोटाला नळकांडे लावून ऐकत राहिलीस, जागा बदलून पुन्हा ऐकत राहिलीस. सायंकाळी मुलगा झाला, तो रडला नाही. त्याच्या अंगावर कोठेही काही उणे नव्हते.

चौथ्या दिवशी नानाजींनी लेखी मत मागितले. मी लिहिले: "कण्यात दिलेल्या औषधाने बालक दगावले." माझे अक्षर चांगले आहे म्हणून कमिटीच्या वहीत ते पान मीच उतरवले.

आणखी एक पाप यापेक्षा मोठे आहे. कमळेच्या व्रताविषयी मी तुला 'स्वेच्छेने' असे लिहिले होते. तेराव्या दिवशी ती मला विचारायला आली होती, "मामाजी, मले दुखणं सोसवलं नाई, मी सुई मागितली, म्हणून देवानं पोर नेलं का?" मला तेव्हा 'नाही' म्हणता आले असते. मी म्हणालो, त्याला प्रायश्चित्त आहे. सोमवार, एकादशी, एरवी एक वेळ जेवण. हे मीच कागदावर लिहून दिले. ती पोटात दुसरे बाळ घेऊन आजही तो कागद पाळते आहे.

तिला सांगण्याचे मला अजून धैर्य झालेले नाही.

अण्णा

सावली
पौष वद्य सप्तमी

वच्छले,

तुझे उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. हे लिहितो ते कमळेसाठी. तिला आता नववा आहे.

गुणाबाईने गेल्या आठवड्यात मला आठ दिवसांची मुदत दिली होती. "नवव्या दिशी मी सांगतो पोरीले. माह्या तोंडून आयकल तं तुमची अजूनच शोभा." नवव्या दिवसाची वाट न पाहता काल सोमवारी मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो. कमळा सुपात तांदूळ निवडत होती. दिवसभर तिच्या पोटात काही नव्हते. गुणवंतही तेथेच होता. मी सारे सांगितले, तुला लिहिले त्याच क्रमाने.

तिचे हात सुपावर चालूच राहिले. खडे बाजूला टाकत ती म्हणाली, "म्हणजे मी सोसलं नाई म्हणून नाई?"

"नाही."

"सुईनं बी नाई?"

"नाही."

"तुमाले हे कधीपासून ठाऊक होतं?"

"त्याच दिवसापासून."

"मी नेम मागाले आली तेव्हा बी?"

"तेव्हाही."

तिने सूप खाली ठेवले. उठली, फडताळातले ताट घेतले, भात वाढला, वर वरण घेतले, आणि माझ्यासमोर बसून जेवू लागली. वर्षभरात सोमवारी ती प्रथमच जेवत होती. मध्येच तिला रडू आले, तरी ती घास घेत राहिली. गुणवंताने उठून तिला पाणी दिले आणि तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

जेवण संपल्यावर ती म्हणाली, "मले सांगून काय होते, मामाजी? बोल तं वच्छलाबाईले लागला. माह्या माहेरी, ब्रह्मपुरीले, बाया अजून म्हणतात की नणंदेनं सुई टोचून भाचा मारला. तुमी देवळात बसून साऱ्याले इतकं सांगता. हे बी तिथीच सांगा."

मी म्हणालो, सांगेन.

"अन् मले धानोऱ्याले जाचं हाये. बाई ठेवून घेतील तं."

गुणवंत म्हणाला, "ठेवून घेईल. मी नेतो." माझ्याकडे वळला नाही. त्याने तुझ्या नळी-सुईच्या कपाटाची किल्ली मागितली, मी ती दिली. तो दवाखान्यात जाऊन पेटी घेऊन आला. नानाजींना विचारले नाही.

एक सांगणे आहे, डॉक्टर म्हणून तुझ्या कामाचे. तिला रक्त कमी आहे. कारण तुला आता ठाऊक आहे.

अण्णा

सावली
माघ शुद्ध पंचमी

वच्छले,

हे पत्र कमळेबरोबर देत आहे. उद्या सकाळी डोंग्याने वैनगंगा ओलांडून गडचिरोली आणि तेथून मोटार. गुणवंत सोबत आहे. गुणाबाईही येते म्हणाली. तिला मोटार लागते, तरी येते.

काल सायंकाळी सभामंडपात पुराणाला बसलो. नेहमीची सत्तर-ऐंशी माणसे होती. पोथी बांधलेलीच ठेवली आणि म्हणालो, आज सांगायचे ते माझे आहे. मग सांगितले. घडीचे सांगितले, तू दारात काय बजावले होतेस ते सांगितले, उरलेल्या तीन आवर्तनांचे सांगितले. वहीतल्या पानाचे सांगितले. कमळेला दिलेल्या कागदाचेही सांगितले. थाळी यापुढे कोणास देणार नाही, हेही.

नानाजी पाटील पुढेच बसले होते. खोकून म्हणाले, "शास्त्रीबुवा, घरची गोष्ट घरात बोलाची. चारचौघात काऊन?"

मागून, बायकांच्या बाजूने गुणाबाई म्हणाली, "चारचौघातच तं त्या पोरीले बोल लावला होता, पाटील. तवा तुमी काऊन नाई म्हटलं?"

कोणी हसले नाही. एकेक करून माणसे उठली. मुखरू तेली माझ्या पाया पडत असे, तो काल बाजूने निघून गेला. त्याच्या धाकट्या सुनेला गेल्या ज्येष्ठात मी थाळीचे पाणी दिले होते आणि ती वाचली नव्हती. तिला तू वाचवू शकली असतीस की नाही, मला माहीत नाही. पण तू येथे नव्हतीस, आणि का नव्हतीस हे आता मुखरूलाही कळले.

कमिटीच्या वहीत त्याच पानाखाली मी दुसरे मत लिहून सही केली आहे, आणि राजीनामा दिला आहे. त्या पानाची नक्कल या पाकिटात आहे. ती तुझी आहे. तिचे काय करायचे ते तू ठरव.

कमळा घाबरलेली आहे. वरून दिसणार नाही. रात्री गुणवंताला म्हणत होती की सुई नको, सोसते मी, या बारी सोसते. माझे शब्द तिच्यात इतके खोल गेले आहेत की मी स्वतः ते मागे घेतले तरी निघत नाहीत. तिला मागायचे असेल तर मागू दे, नको असेल तर नको. पण तिचे 'नको' तिचे आहे की माझे, एवढे तू पाहून घे.

मी येत नाही. तू बोलावले नाहीस, आणि तिने ये म्हटले नाही.

अण्णा

सावली
फाल्गुन शुद्ध दशमी

वच्छले,

गुणवंत चार दिवसांपूर्वी शाळेच्या कामापुरता आला आणि तुझा कागद माझ्यापुढे ठेवून गेला. पत्र नाही, नोंद आहे. पण ती तू स्वतःच्या हाताने माझ्यासाठी उतरवून दिलीस, असे तो म्हणाला.

सकाळी सव्वानऊला नळी बसवली. पहिली मात्रा. पाच मिनिटांनी दोन्ही पाय हलतात. दुसरी मात्रा. रक्तदाब एकशे दहा, एकशे आठ, एकशे बारा. डावी कूस. सव्वादहाला रक्तदाब शंभर. शिरेतले पाणी वाढवले. पाच मिनिटांत एकशे दहा. बाळाचे ठोके दर वेळी लिहिलेले. दोन वाजून वीस मिनिटांनी मुलगी, लगेच रडली. खाली "डॉ. वच्छला" अशी सही. मी तो कागद अनेकदा वाचला. त्यात माझ्यासाठी एकही ओळ नाही आणि ती शोधणे मी थांबवले आहे.

गुणवंताला मी कमळेविषयी विचारले. तो आता थोडे बोलतो. म्हणाला, "दोन कळा तिनं सोसल्या. तिसऱ्या वेळी वच्छला म्हणाली, 'कमळे, आता दुखतंय ते कोणासाठी सोसून राह्यली?' तिनं ती कळ ओसरू दिली. मग म्हणाली, 'कोणासाठीच नाई. द्या सुई.'" तू त्याला खाटेपाशी बसवून पाठीची घडी धरायला सांगितलेस, तेही त्याने सांगितले. "पाच तास बसलो, अण्णा. हललो नाही." हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले.

पुराणाला आता दहा-बारा माणसे येतात, बहुतेक बायका. त्यांना माझे पुराण नको असते. तुझा कागद वाचून दाखवा म्हणतात. मी वाचतो आणि मला कळले आहे तेवढे समजावतो: मात्रा थोडी का द्यायची, मध्ये का थांबायचे, पाय का हलवून पाहायचे, कूस का सोडायची नाही. मला उत्तर येत नाही तेथे येत नाही असे सांगतो. ही सवय नवी आहे. परवा भागीरथाने, सुकलू गेडामाच्या बायकोने, विचारले, "दुखत नाई तं मंग पोर आपलं वाट्टे का?" बाकीच्या हसल्या. मी म्हणालो, हे मला कसे ठाऊक असणार? ती म्हणाली, "नाई, तुमाले नाईच ठाऊक. पन इतके वर्सं तुमीच सांगत होते."

मग त्या साऱ्या एकच विचारू लागल्या: बाई सावलीले परत येतील का? कमिटी म्हणे सुईची बंदी उठवणार आहे. नानाजींच्या थोरल्या सुनेला तिसरा महिना आहे. बायका म्हणाल्या, तुमी बाप हाये, तुमी लिहा बाईले.

मी म्हणालो, तेवढे मी लिहिणार नाही. परत ये असे तुला म्हणण्याचा हक्क मी माझ्याच अक्षराने खोडला आहे.

भागीरथा उठून उभी राहिली. म्हणाली, "तुमी नोका लिहू. तुमच्या लिहिण्यानंच झालं सारं. आमी जाऊन विचारतो."

हे पत्र तुझ्या हाती देणाऱ्या त्या चौघी आहेत. भागीरथा पुढे असेल. सातवा महिना आहे आणि मागच्या दोन्ही वेळी ती अडली होती. बाकी तिघींना मी नावाने ओळखत नव्हतो, आता ओळखतो, पण त्या आपली नावे स्वतः सांगतील. पहाटेच्या डोंग्याने निघतात, म्हणजे दुपारी पोहोचतील, उपाशी असतील. त्यांना काय सांगायचे ते त्यांनाच सांग. मी त्यांना एवढेच म्हटले आहे की तू नाही म्हणालीस, तर तेही ऐकून घ्यावे आणि वाद घालू नये.

अण्णा